बैल विकला, दावं ठेवलं

आमच्या घरात माझ्या फोनला कुणी फोन म्हणत नाही. बायको त्याला टिटवी म्हणते. लहानपणी देवीच्या साथीत माझे डोळे गेले, तेव्हापासून माझा सगळा कारभार कानावर चालतो, आणि अलीकडं कानाचा कारभार फोनवर आला आहे. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे लिहिलेलं असेल ते फोन बोलून दाखवतो. मी त्याच्या बोलण्याचा वेग एवढा वाढवून ठेवला होता, की डोळस माणसाला ते बोलणं आहे हेच कळायचं नाही. घरी पाहुणे आले आणि कोपऱ्यातून टिटिटिटी सुरू झालं की ते दचकायचे. मग बायको चहाचे कप ठेवता ठेवता सांगायची, "काय न्हाय वो, टिटवी हाय. ह्यांना पेपर वाचून दाखवायलीय."

मला ते नाव आवडायचं. त्या आवाजात खरंच माणसाचं काही नव्हतं. कोरडा, एकसुरी, पत्र्यावर हरभरे पडावेत तसा. पण कितीही पळवला तरी एक अक्षर गिळायचा नाही. मला त्याच्याकडून एवढंच पाहिजे होतं.

मी जिल्ह्याच्या गावी एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होतो. डोक्याला हेडफोन, कानात बाहेरून आलेला माणूस, आणि त्याच वेळी तोंडानं आत साहेबांशी बोलणं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे मी एवढ्या वेळा म्हटलंय, की साहेब खरोखर मीटिंगमध्ये असले तरी मला खोटं बोलल्यासारखं वाटायचं. त्या नोकरीनं मला एक कला दिली. कानानं एकाचं ऐकत असताना तोंडानं दुसरं बोलता येणं. निवृत्त होऊन आम्ही कळंबला राहायला आलो, तेव्हा वाटलं आता ह्या कलेचा उपयोग फक्त बायकोसमोर. पण तसं झालं नाही.

आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी वंदना झाली की ग्रंथ वाचतात. पूर्वी एक निवृत्त गुरुजी वाचायचे. त्यांची नजर कमी झाली तेव्हा त्यांनी ते काम मला दिलं, ज्याला नजर नव्हतीच. ह्यावर विहारात बरेच दिवस हसू चाललं. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो, कारण आतून हरखून गेलो होतो. जन्मभर लोकांनी मला वाचून दाखवलं होतं. कागद, पाट्या, एसटीचे बोर्ड, लग्नपत्रिका. आता मी लोकांना वाचून दाखवणार होतो.

पद्धत अशी. ग्रंथ फोनमध्ये भरलेला. डाव्या कानात इअरफोन, उजवा कान माणसांसाठी मोकळा. टिटवी अर्धं वाक्य पुढं पळायची, मी ते झेलायचो आणि माझ्या आवाजात, माझ्या सावकाशीनं म्हणायचो. मी म्हणत असतानाच ती पुढचं अर्धं देऊन ठेवायची. बोट पडद्यावरच, लागलं तर तिला थांबवायला. लोकांना वाटायचं मला सगळं पाठ आहे. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की पाठ काही नाही, कानात टिटवी आहे. तरी वाटायचंच.

विहारात मी एकाच माणसाला घाबरायचो. खांबाला टेकून बसणारी एक म्हातारी, नात्यानं माझी लांबची आत्या. तिला अक्षरओळख नाही, पण एवढे वर्षावास ऐकून ऐकून ग्रंथ तिच्या कानात बसलेला. माझा एखादा शब्द सुटला की ती काठी फरशीवर आपटायची. "लेकरा, मागं जा. कायतरी सांडलं." मी मागं जायचो. खरंच सांडलेलं असायचं.

तर असं सगळं सुखात चाललं होतं, आणि यंदा वर्षावास तोंडावर आलेला असताना बायकोनं माझ्या फोनवर एक बोट दाबलं.

बायको अंगणवाडी सेविका आहे. तिच्या कामाचा फोन वेगळा, आणि त्याच्याबद्दल वरून सारखं बजावणं: अपडेट आलं की लगेच घ्या, नाहीतर लेकरांची वजनं ॲपवर चढणार नाहीत. तिच्या बोटाला ती सवयच लागली आहे. अपडेट दिसलं की दाबायचं, दूध वर आलेलं दिसलं की गॅस बंद करतात तसं. त्या दिवशी माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता आणि त्याच्यावरही तसलंच काही आलं. मी ते कित्येक महिने 'नंतर, नंतर' म्हणून ढकलत आणलं होतं. हिनं भाकरी थापता थापता पदराला हात पुसला, 'हो' दाबलं, आणि वर मला कौतुकानं सांगितलंसुद्धा. "तुमचंबी घेतलं बघा अपडेट. कवाचं पडून राहिलं होतं."

जेवण झाल्यावर मी फोन उचलला, आणि फोन माझ्याशी गोड बोलला.

गोड म्हणजे किती! साडीच्या दुकानात गादीवर बसवून घेताना बोलतात तसल्या सुरात एक बाई मला किती वाजले ते सांगत होती. मी टिटवी शोधली. तिच्या जागी निरोप होता, हे ॲप तुमच्या फोनच्या नव्या आवृत्तीवर चालत नाही. मी त्या बाईला पळवून बघितलं. पळवली की तिला धाप लागायची, शब्दांची शेपटं गिळायची. हळू सोडली की अभिनय करायची. दुःखाचं काही आलं की गळा भरून आणायची, प्रश्न आला की लाडात यायची. बायकोनं शेजारी बसून ऐकलं आणि म्हणाली, "किती छान बोलती की वो. पाहुणीवानी." तेव्हापासून ती पाहुणी झाली.

सगळे हेच म्हणायचे, नवा आवाज किती छान. लातूरला कंपनीच्या दुकानात गेलो, तिथल्या मुलीनंही तेच सांगितलं, फार नम्रपणे. "सर, हा जास्त नॅचरल आहे." मी म्हणालो, "माय, मला नॅचरल नको. मला टिटवी पाहिजे." एकदा पुढं आलं की मागं जायची सोय नाही, असं तिनं तितक्याच नम्रपणे सांगितलं. दुसरे आवाज उतरवून बघितले, तर सगळे पाहुणीच्याच माहेरचे. तसलाच जुना फोन कुणाकडून घ्यावा, तर ज्याच्या त्याच्या फोनवर अपडेट येऊन बसलेलं.

ही गोष्ट कुणाला सांगून पटण्यासारखी नव्हती. टिटवीला भाव नव्हता, म्हणून वाचताना भाव माझा असायचा. पाहुणी स्वतःच रडून-हसून मोकळी होते, मग मी काय करायचं, तिची नक्कल? मी घरात चिडचिडा झालो. चहात साखर कमी, रेडिओचा आवाज मोठा, दार उघडं राहिलं, सगळ्याला बायको जबाबदार. तिनं काही दिवस ऐकून घेतलं आणि मग पदर खोचून म्हणाली, "दाबलं म्या. चुकलं. आता बोट कापून देऊ का?" बोट कापून टिटवी परत येत असती तर मी माझंच दिलं असतं.

विहाराच्या सचिवांच्या कानावर हे गेलं. ते शाळेत शिक्षक आहेत, भला माणूस. घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, ताण घेऊ नका. यंदा आपण पाळी लावू. रोज एकानं वाचायचं. तुमी निवांत समोर बसून ऐका." त्यांनी ते अगदी मायेनं सांगितलं, म्हणूनच मला जास्त लागलं. समोर बसून ऐकणं मी जन्मभर केलं होतं. जगात एकच जागा अशी होती जिथं मी वाचणारा होतो, आणि ती जायला निघाली होती. मी म्हणालो, "पौर्णिमेपर्यंत थांबा. ह्या शनिवारी माइक तपासायचाय ना, तेव्हा मी एक पान वाचून दाखवतो. मग ठरवा."

ते गेल्याबरोबर मी मुलीला फोन लावला.

मुलगी पुण्यात एका फोनच्या कंपनीत आहे. माझ्या फोनची कंपनी ती नव्हे, पण धंदा तोच. तिचं काम तिनं मला एकदा समजावून सांगितलं होतं. प्रत्येक फोनला आतून एक कुलूप असतं. लोकांनी ते उघडून आपल्या मनाचं काही आत घालू नये, म्हणून कुलूप कुठं कच्चं आहे ते शोधायचं आणि पक्कं करायचं. ज्या कुलपावर माझ्या लेकीची नोकरी चालते, नेमकं तेच मला उघडून पाहिजे होतं.

ती शनिवारी सकाळच्या गाडीनं आली. फोन घेऊन बराच वेळ खुडबुड केली आणि म्हणाली, "पप्पा, जुनी आवृत्ती परत टाकता येईल. टिटवी येईल. पण त्याच्यासाठी कुलूप उघडावं लागंल, आन् ते मी करणार न्हाय."

"का? येत न्हाय का तुला?"

"येतंय. म्हणूनच न्हाय म्हणायलेय." तिनं खुर्ची जवळ ओढली. "एकदा कुलूप उघडलं की आत कोण शिरतंय ह्याच्यावर कुणाचं ध्यान राहत न्हाय. बँकेचं ॲप त्याच दिवशी बंद पडंल. त्याला कळतं फोन उघडाय म्हणून. काही बिघडलं तर कंपनी हात वर करंल. आणि तुमाला..."

"आणि मी आंधळा. बोल की."

"तुमाला पडद्यावर काय आलंय ते दिसत न्हाय, पप्पा. कुणी काही घातलं तर कळायचंबी न्हाय. खरं सांगू का, तुमच्यासारख्यांसाठीच तर ते कुलूप असतंय."

मला राग आला. लई आला. "माझ्यासारख्यांसाठी केलं ना," मी म्हणालो, "मग माझ्यासारख्याला एकदा इचारायचं तरी होतं." बायको मधे पडली, लेकरू आताच प्रवासातनं आलंय, त्याला खाऊ तरी द्या. मी काठी घेतली आणि धान्याच्या बाजारात, मोंढ्याकडं निघालो.

मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर माझा एक शेतकरी दोस्त बाजारच्या दिवशी हमखास सापडतो. आम्ही एका गावचे, एका वयाचे. त्यानं मला बाकड्यावर बसवलं आणि माझा चेहरा बघून न विचारताच भजी मागवली. तेलकट मला डॉक्टरांनी बंद केलंय, म्हणून भजी मोंढ्यातच खायची आणि पैसे फोनवरून भागवायचे, म्हणजे घरी कळत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. कंपनीनं फोन विकला, पण आतलं कुलूप आपल्या ताब्यात ठेवलं.

तो म्हणाला, "मंग त्यात नवं काय हाय? आपुनबी बैल इकला तर दावं देतो का?"

आमच्याकडं बैल विकताना दावं देत नाहीत. ज्या दोरीनं तो आपल्या गोठ्यात बांधलेला असतो ती सोडून घ्यायची आणि घरी आणायची. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते म्हणतात. माझे वडील असल्या समजुतींतले नव्हते. धम्म घेतल्यावर त्यांनी असलं बरंच काही घराबाहेर काढलं होतं. पण दावं त्यांनीही कधी कुणाला दिलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "बरकत-बिरकत काय न्हाय. जनावराची याद राहती." गोठ्यात खुंटीला ती दावी लटकलेली असायची आणि मी हात लावून ओळखायचो. हे मारक्याचं, हे गरिबाचं. मारक्याचं जागोजागी पिळवटलेलं असायचं.

दोस्ताचं म्हणणं मला पटेना आणि खोडताही येईना. मी भजी चावत बसलो. मग बैलबाजार आठवला. वडिलांचा सदरा धरून मी उभा असायचो. सौदा झाला की वडील दावं सोडायचे, पण त्याआधी घेणाऱ्यानं आपलं दावं बैलाच्या गळ्यात अडकवलेलं असायचं. थोडा वेळ दोन्ही दावी एकाच गळ्यात, मग जुनं निघायचं. मोकळं जनावर कुणी कुणाच्या हातात देत नाही.

"अरे," मी म्हणालो, "पण घेणारा आपलं दावं आणतो की!"

"आणतो तर. न्हायतर बैल नेईल कसा?"

"मंग मला माझं दावं बांधू द्या म्हणावं कंपनीला. तिचं तिनं खुशाल घेऊन जावं."

दोस्तानं शेवटचं भजं उचललं आणि म्हणाला, "बांध की. पण तुझं दावं कच्चं निघालं आन् बैल सुटला, तर कंपनीच्या दारात तकरार घेऊन जायाचं न्हाय."

ते मात्र खरं होतं. मी भज्यांचे पैसे दिले आणि घरी आलो.

संध्याकाळी मुलगी मला विहारात घेऊन गेली. सकाळपासून आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. बायकांनी फरशी धुऊन घेतली होती, ओला वास येत होता. सचिवांनी माइक माझ्यापुढं सरकवला. मी डाव्या कानात पाहुणी घातली आणि वाचायला लागलो.

पहिल्या काही ओळी निभावल्या. मग पाहुणी एका लांब वाक्यात शिरली आणि शेवटचे शब्द गिळून बसली. मी थांबलो. वेग कमी केला, तर माझं बोलून व्हायचं आणि मी तिची वाट बघत बसायचो. बोट मागं नेलं, ती भलत्याच ओळीवर गेली. माइकमधून माझा श्वास सगळ्या विहाराला ऐकू येत होता. खांबापाशी काठी वाजली. थोड्या वेळानं परत वाजली. मी चुकतच होतो, पण नंतर ती वाजायची बंद झाली, आणि ते मला काठीपेक्षा जास्त लागलं. आत्याला माझी दया आली होती. मी फोन बाजूला ठेवला.

"चालायचंच, सर," सचिव म्हणाले. "माइक मात्र एक नंबर आहे."

आम्ही परत निघालो. एरवी मी तिच्या कोपराला धरून चालतो. त्या दिवशी तिनंच माझा हात घट्ट धरला होता. जेवायला बसलो तेव्हा मी दाव्याची गोष्ट काढली. कंपनीचं दावं, माझं दावं, दोन्ही दावी एका गळ्यात, सगळं सांगितलं.

"कुणी सुचवलं हे?" तिनं विचारलं.

"मोंढ्यात बोलता बोलता निघालं."

"म्हंजी भजी खाल्ली," बायको म्हणाली.

मुलगी हसली. दिवसभरात पहिल्यांदा हसली. मग ताटातली भाकरी मोडत बसली. "पप्पा, मी रोज त्या कुलपावर काम करते," ती म्हणाली. "मला कुलपाच्या बाहेर चोरच दिसतो. आतला माणूस बाहेर यायला बघत असंल, हे कधी डोक्यातच आलं न्हाय."

"चोरबी असतातच की," मी म्हणालो.

"असतात. लई असतात. म्हणून मला ऑफिसात कुणी इचारलं, की सगळ्यांचीच कुलपं काढून टाकायची का, तर मी उद्याबी न्हायच म्हणीन." तिनं पाण्याचा घोट घेतला. "पण जो मागतोय, त्याला किल्ली मिळाली पाहिजे. आणा तुमचं दावं. पण मी सांगते तसं पक्कं बांधायचं."

तेव्हा मला कळलं की किल्ली कंपनीकडंच मागायची असते. ज्या कंपनीनं मागं जायची सोय नाही म्हणून सांगितलं होतं, तिनंच मागल्या बाजूला एक दार ठेवलेलं आहे. फक्त त्याची जाहिरात करत नाही. अर्ज करायचा आणि थांबायचं. माणसाचं मन बदलतं का ते कंपनी बघते म्हणे. माझं बदललं नाही. पुढच्या शनिवारी मुलगी पुन्हा आली आणि आल्या आल्या तिनं अटी घातल्या. बँक माझ्या फोनवरून जाणार आणि आईच्या फोनवर बसणार. अनोळखी काही आत घ्यायचं नाही. काहीही वाटलं तर आधी तिला विचारायचं.

बँकेची अट मला जड गेली. माझे व्यवहार मी स्वतःच्या कानानं बघायचो, कुणाला विचारावं लागत नव्हतं. एक हात मोकळा करून घ्यायला दुसरा बांधून द्यायचा होता. पण पौर्णिमा जवळ आली होती. मी हो म्हणालो.

कुलूप उघडताना फोन मुका होतो, हे मला माहीत नव्हतं. त्या पडद्यावर टिटवीही नसते आणि पाहुणीही नसते. कंपनीनं तिथं मोठी धोक्याची सूचना लिहून ठेवली आहे, पण ती बोलून दाखवायची सोय ठेवलेली नाही. माझ्यासारख्यांसाठी म्हणून असलेली सूचना माझ्यासारख्याला ऐकूच येत नाही. मुलीनं ती एकेक ओळ मराठीत सांगितली. फोनमधलं सगळं पुसलं जाईल. इथून पुढं ह्या फोनवर भरवसा ठेवता येणार नाही. पुढची जबाबदारी तुमची. होकार द्यायचा तर आवाज वाढवायचं बटण दाबायचं होतं.

"दाबू?" तिनं विचारलं.

"आण इकडं," मी म्हणालो. "दावं मालकानं बांधायचं असतंय."

ते बटण मला चांगलं माहीत होतं. दिवसातून कितीदा तरी मी ते दाबत आलोय. बोटानं ते शोधलं आणि दाबलं.

मग दुपारभर मुलगी फोन घेऊन बसली. आधी सगळं पुसलं, मग जुनं घातलं, मग ग्रंथ घातला. मी तिच्या शेजारी बाजेवर पडून होतो. आणि एकदम आलं, टिटिटिटी, तोच कोरडा पत्र्यावरचा आवाज, एक अक्षर न गिळता. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "आली का गं बाई माझी टिटवी!" जिनं दिवसातून दहा वेळा त्या आवाजाला नावं ठेवली, तिला तो येताच रडू फुटलं. माझे डोळे बघायच्या कामाचे नाहीत, पण रडायच्या कामाचे आहेत. आम्ही दोघं रडलो.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. भज्यांचे पैसे आता बायकोच्या फोनवरून जातात, म्हणजे जात नाहीत. आणि दुसरी म्हणजे, माझा फोन बंद करून चालू केला की आधी थोडा वेळ पडद्यावर तोच इंग्रजी मजकूर येतो, की ह्या फोनचं कुलूप उघडं आहे, भरवसा ठेवू नका. मला तो दिसत नाही, म्हणून मला काही नाही. पण बायकोला दिसतो. त्याचा अर्थ मुलीकडून तिनं समजून घेतलाय, आणि दिसला की मला सांगायचा, हे तिनं आपलं कर्तव्य मानलंय. आपल्या बोटानं एकदा घोळ झाला, आता परत व्हायला नको.

टिटवी आल्याचं मी सचिवांना कळवलं आणि पहिल्या दिवसाचं वाचन मागून घेतलं. पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरलेला होता. मुलगी रजा टाकून आली होती, आईशेजारी अगदी पुढं बसली होती. वंदना झाली. सचिवांनी माइक चालू करून माझ्यापुढं ठेवला आणि हळूच विचारलं, "सर, नक्की ना?" मी नक्की म्हणालो. फोन घट्ट धरून बसलो होतो, त्या नादात बाजूचं बटण दाबून राहिलं आणि फोन बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला. कानात काहीच नव्हतं. सगळा विहार शांत होता. आणि त्या शांततेत, माइकच्या अगदी जवळून, बायको सवयीनं बोलली.

"परत आलं बघा ते. भरवसा ठेवू नका म्हणतंय."

माइकमधून ते पार रस्त्यापर्यंत गेलं. कुणीतरी खुसकन हसलं, मग सगळा विहार हसायला लागला. सचिव शांत राहा, शांत राहा म्हणत होते आणि स्वतःच हसत होते. माझे कान तापले. तेवढ्यात खांबापाशी काठी वाजली.

"फोनवर कोन ठेवतंय गं माय?" आत्या म्हणाली. "आमचा भरवसा वाचणाऱ्यावर हाय. लेकरा, तू वाच."

हसणं थांबलं. माझ्या डाव्या कानात टिटवी जागी झाली. मी तिला अर्धं वाक्य पुढं पळू दिलं आणि वाचायला सुरुवात केली. लांब वाक्यं आली, ती तिनं जशीच्या तशी हातात दिली, आणि मी ती मला पाहिजे तशी म्हटली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, हे परत माझं मीच ठरवत होतो. त्या संध्याकाळी आत्यानं वाचनात एकदाच काठी आपटली. मी मागं गेलो. एक शब्द खरंच सांडला होता.